तीन बोटांचं अंतर

जपानमधल्या सेंदाईपासून बसने सव्वा तासावर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या सभाघराच्या पायात माझी एक चूक कायमची गाडली जाणार होती. ती गाडली गेली नाही. इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मी हुश्श करते, आणि लगेच स्वतःचा रागही येतो, कारण त्या चुकीची शिक्षा मला झालीच नसती. ती दुसऱ्याच माणसाला भोगावी लागली असती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नवरा विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा आणि मी त्याच्या मागोमाग आलेली बायको. पुण्यात मी सिव्हिल इंजिनिअर होते. चार वर्षं साइटवर उन्हात उभी राहिले होते, मिस्त्र्यांशी कडाकडा भांडले होते. सेंदाईत माझं काम काय, तर डबा करणं, जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा आपापल्या वारी बाहेर ठेवणं, आणि आठवड्यातून दोनदा फुकटच्या जपानी वर्गाला जाणं. मुळात स्वभाव तापट, त्यात हाताला काम नाही. तिसऱ्या वर्षी तर अशी वेळ आली की नवरा दारात बूट काढतानाच आधी माझा चेहरा निरखायचा आणि मग किती बोलायचं ते ठरवायचा.

जपानीच्या बाई साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. एका वर्गात त्यांनी सहज सांगितलं की गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने त्यांच्या वाडीच्या सभाघराचं छप्पर खाली आलं. आता वाडी नवं सभाघर बांधणार होती, आणि तेही स्वतःच्या हाताने. सिमेंट आणि छपराचे पत्रे नगर कचेरी देणार, लाकूड वाडीच्या सामाईक जंगलातलं, आणि मेहनत गावकऱ्यांची. दर रविवारी घरटी एक माणूस कामावर हजर झालाच पाहिजे, असा तिथला जुना नेम. बाईंच्या घरात त्यांची ऐंशी वर्षांची आई एकटी. भाऊ तोक्योत. म्हणजे घरचा माणूस म्हणून बाईंनीच जायचं, आणि बाईंचा खांदा तर धरलेला, हात डोक्याच्या वर जाईना.

मी म्हटलं, "बाई, तुमच्या घरचा माणूस म्हणून मी आले तर चालेल?"

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी वाक्यरचनेचा सराव करते आहे. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे त्यांनी फोन करून वाडीच्या प्रमुखांना विचारलं.

नवऱ्याला काळजी भलतीच. "अगं, तू डिपेंडंट व्हिसावर आहेस. मजुरी अलाउड नाहीये."

"मजुरी कोण करतंय? श्रमदान आहे ते."

"मग व्हिसा ऑफिसला श्रमदान कसं एक्स्प्लेन करणार?"

"तू करशील," म्हटलं, आणि रविवारी पहाटे गमबूट घालून पहिली बस पकडली.

बसमध्ये बाईंनी मला वाडीतलं एक भांडण समजावून सांगितलं. भांडण म्हणजे आपल्यासारखं नव्हे. कोणी आवाज चढवला नव्हता. लाकूडकाम करणारा वाडीचा जुना सुतार, त्याला सगळे तोर्यो म्हणायचे, म्हणजे मुख्य सुतार. वय शहात्तर. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. निम्म्या वाडीचं म्हणणं होतं की आता त्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, कारखान्यातून यंत्रावर कापलेली लाकडं आणावीत. प्रमुखही त्याच मताचे. पण हे आपल्या हातचं शेवटचं काम, ते मला करू द्या, असं तोर्योने मान खाली घालून मागितलं, तेव्हा कोणाला नाही म्हणवलं नाही. आता लाकडं बरोबर बसली तर ठीक. नाही बसली तर जन्मभर बांधलेली घरं विसरून लोक तेवढंच लक्षात ठेवतील, असं बाई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं माहेरचं घर त्यानेच बांधलेलं होतं.

पहिल्या रविवारी मला अर्थातच स्वयंपाकात घातलं. पाहुणी, त्यातून बाईमाणूस. मी मुळे किसत बसले. समोर उघड्या दारातून साइट दिसत होती, आणि तिथे आठ-दहा म्हातारे पायाची आखणी करायला निघाले होते. आमच्याकडे त्याला लाइनआउट म्हणतात. खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, चारही कोपरे काटकोनात आणायचे. हे काम नेहमी करणारा माणूस हर्नियाचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडला होता आणि उरलेले एकमेकांना नम्रपणे दोरी देत होते. एकाने ताणली की दुसरा सैल सोडायचा. अर्धा तास मी ते पाहिलं. मग हातातला मुळा खाली ठेवला आणि घरातल्या चपला न बदलता बाहेर पडले.

कोणी अडवलं नाही. एक तर त्यांना धक्का बसला असावा, आणि दुसरं, मी दोरी हातात घेतल्याबरोबर ती नीट ताणली गेली. पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यांच्याकडे होतीच. दोन टोकांना दोघांनी धरायची आणि पाण्याच्या पातळीवरून उंची जुळवायची. आमचे गवंडीही तेच करतात. त्या नळीचं एक टोक माझ्या हातात आलं आणि मला एकदम इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं.

मापं विचारायला मी तोर्योच्या पडवीत गेले. कागदी नकाशा नगर कचेरीच्या फायलीत होता. कामावर नकाशा म्हणून चालायची ती एक फळी. तिच्यावर काळ्या शाईत खांबांच्या ओळी काढलेल्या. बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा, डोक्याला पांढरा टॉवेल. त्याने फळीवर बोट ठेवून सांगितलं, "लांबी तीस शाकु. रुंदी चोवीस." आणि शाकु म्हणजे केवढा ते दाखवायला दोन तळव्यांमध्ये अंतर धरलं.

तेवढं अंतर मी जन्मभर ओळखत होते. एक फूट! साऱ्या जपानात सगळं मीटर-सेंटिमीटरमध्ये, आणि इथे हा म्हातारा आमच्या मिस्त्र्यांसारखा फुटात बोलत होता. मला इतका आनंद झाला की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी विचारलं नसतं. विचारण्यात मला कमीपणा वाटला असता. पिशवीत पुण्याहून आणलेली टेप होती, एका कडेला फूट-इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. मी तीस फूट मोजले, चोवीस फूट मोजले, तीन-चार-पाचचा त्रिकोण धरून काटकोन काढले आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजून दाखवले. दोरीभरही फरक नाही. म्हाताऱ्यांनी "होऽऽ" असा लांब सूर काढला. प्रमुखांनी माझ्यासमोर मान लववली. मी पण लववली, जरा जास्तच ऐटीत.

त्या दिवसापासून मुळे किसणं सुटलं. पुढचे रविवार चर खणले, दगड भरले, काँक्रीटचा रुंद थर टाकला आणि त्यावर पायाच्या भिंतींचं काँक्रीट ओतायला फळ्यांचं शटरिंग उभं केलं. सगळं माझ्या खुंट्यांवरून. दुपारी बायका अळकुड्यांचा रस्सा करायच्या. त्यात डुकराचं मांस असतं, म्हणून माझ्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं चढायचं. न सांगता चढायचं, हे विशेष. घरी गेल्यावर मी इतकी दमलेली आणि इतकी गोड वागायचे, की नवऱ्याने व्हिसाचं नाव काढणं बंद केलं.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. शटरिंग संपलं होतं. वरची लाकडं पायाला पकडून ठेवणारे लोखंडी बोल्ट जागच्या जागी बांधून झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काँक्रीटचा ट्रक येणार होता. वाडीने त्यासाठी सोमवारची सुट्टी काढली होती. बर्फाच्या आधी छप्पर चढायचं तर हा ट्रक चुकवून चालणारच नव्हतं.

जेवणाच्या वेळी तोर्यो आला नाही, म्हणून बायकांनी मला भाताचे गोळे देऊन त्याच्या पडवीत पाठवलं. तो मागे हात धूत होता. पडवीभर देवदाराची लाकडं रचलेली. किती सुंदर काम! प्रत्येक लाकडाच्या टोकाला खाचा आणि त्यात बसणारे खुंट, कडा लोण्यासारख्या गुळगुळीत. कौतुकाने मी टेप काढली. चांगलं काम दिसलं की ते मोजून बघायची माझी जुनी खोड. फळीवर दोन खाचांमधलं अंतर बारा शाकु लिहिलेलं. टेपवर ते बारा फुटांना पाऊण इंचाहून जरा जास्तच कमी भरलं.

मला वाटलं, बिचारा. दिसलं नाही त्याला.

लाज वाटते, पण हेच वाटलं. निम्मी वाडी जे म्हणत होती तेच. मी दुसरं लाकूड मोजलं. तेही तेवढंच आखूड. तिसरं, चौथं. सगळी सारखीच आखूड, केसाचाही फरक नाही. आणि मग लख्ख कळलं. ज्याला दिसत नाही त्याची चूक प्रत्येक लाकडात वेगळी असते. सगळीकडे एकसारखा फरक पडतो तेव्हा चुकतं ते माप.

त्याचा लोखंडी गुण्या, मापं कोरलेली काटकोनी पट्टी, भिंतीला टांगलेला होता. मी त्याच्यावर माझी टेप ठेवली. त्याचा शाकु माझ्या फुटापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटरने लहान. दोन मिलिमीटर! साध्या डोळ्यांना दिसणारही नाहीत. पण तीसने गुणले की पाच सेंटिमीटरच्या वर. तीन बोटं. माझा पाया त्याच्या घरापेक्षा तीन बोटं मोठा होता.

मी तिथेच ओंडक्यावर बसले. उद्या आठ वाजता ती तीन बोटं दगडासारखी पक्की होणार होती. मग दोन आठवड्यांनी सगळे मिळून लाकडं उभी करायला येतील, लाकूड बोल्टवर बसणार नाही, आणि कोणी माझ्या खुंट्यांकडे बघणारसुद्धा नाही. कर्ण जुळले होते, सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळे त्याच्या डोळ्यांकडे बघतील. त्याला स्वतःलाही तेच वाटेल. मी गप्प बसले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, हे लपवत नाही. आला, आणि तो आल्याचीच मला भीती वाटली.

तोर्यो टॉवेलला हात पुसत आत आला. माझा चेहरा बघून थांबला. जपानी शब्द एकही आठवेना. मी एवढंच म्हणाले, "माप चुकलं. चूक झाली."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने काही बोलायला तोंड उघडलं. मी घाईघाईने त्याचा हात धरून भिंतीपाशी नेलं, टेप आणि गुण्या एकमेकांवर ठेवले, आणि मग बाहेरच्या शटरिंगकडे बोट दाखवून स्वतःच्या छातीवर हात आपटला. "मी. मी चुकले. तुम्ही नाही."

तो किती तरी वेळ त्या दोन पट्ट्या डोळ्यांशी धरून उभा होता. मग म्हणाला, "मला या रेघा दिसत नाहीत." आणि कोपऱ्यातून एक लांब काठी काढली. पंधरा शाकु लांब, चौकोनी. तिच्यावर त्याने या एका घरासाठी खाचा पाडलेल्या होत्या. नख फिरवलं की कळायच्या. सगळी लाकडं त्याने त्या काठीवरून, बोटांनी मोजून कापली होती. "तुझ्या दोऱ्या मी तपासायला हव्या होत्या," तो म्हणाला. "ते काम तोर्योचंच असतं. पण सगळ्यांसमोर वाकून चाचपडताना दिसलो असतो, म्हणून आलो नाही."

विचारण्यात मला कमीपणा वाटत होता आणि तपासण्यात त्याला. आमचा दोघांचा ताठा मिळून सोमवारी सकाळी आठ वाजता घट्ट होणार होता.

आम्ही काठी घेऊन बाहेर आलो. सगळे जेवत होते. मी बाईंना हाक मारली, त्यांना भराभर सांगितलं, आणि म्हटलं, "माझ्या तोंडून सांगते, अडले तर सांभाळा." मग सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं की आमच्या देशाचा फूट वेगळा आहे, मी न विचारता त्या फुटाने मोजलं, पाया मोठा झाला आहे, तोर्योची लाकडं बरोबर आहेत. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. मग कंबरेत वाकून माफी मागितली आणि वर बघायची हिंमतच होईना. बाई माझ्या शेजारी येऊन तशाच वाकल्या. मी त्यांच्या घरचा माणूस होते ना. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे एव्हाना माझ्या शिक्षणाचा उद्धार झाला असता, मी चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. इथे नुसता दातांतून आत ओढलेला श्वास. एकेकाचा. प्रमुख उठले, काठी घेतली, एका म्हाताऱ्याला दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि भिंतीच्या लांबीवर ती दोनदा टाकली. उरलेल्या जागेत त्यांनी आपली बोटं घातली. तीन.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेबारा."

"पाचला अंधार पडतो," ते म्हणाले, आणि जेवणाचा डबा झाकून हातोडी उचलली.

त्यानंतर जे झालं ते मी एखाद्या साइटवर पाहिलेलं नाही. एक माणूस वाडीभर धावला आणि घरी राहिलेल्यांनाही घेऊन आला. बायकांनी रस्सा चुलीवर तसाच सोडला आणि फळ्या धरायला आल्या. खालचा थर रुंद टाकला होता म्हणून आम्ही वाचलो. दोनच बाजूच्या आणि मधल्या भिंतींचं शटरिंग आत सरकवून चालणार होतं. ठोकलेलं उखडायचं, सरकवायचं, परत ठोकायचं. बोल्ट सोडायचे, परत बांधायचे. आणि या सगळ्यात तोर्यो काठी घेऊन वाकून, गुडघ्यांवर बसून, उघड उघड बोटांनी चाचपत प्रत्येक बोल्ट तपासत होता. त्याला आता कोणाची लाज नव्हती आणि बघायला कोणाला वेळही नव्हता. मी त्याच्यामागे खडू घेऊन. तो "हं" म्हणाला की मी खूण करायची. माझी टेप बाईंच्या आईकडे ठेवायला दिली होती. मीच दिली होती.

साडेचारला शेवटची फळी बसली. प्रमुखांनी स्वतः काठी टाकून पाहिली. मग म्हणाले, "रस्सा गरम करा." एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. वेगळ्या पातेल्यातला माझा रस्सा खाली लागून करपला होता, आणि तो मी पातेलं खरवडून खाल्ला.

पंधरा दिवसांनी लाकडं उभी राहिली. तळाचं पहिलं लांब लाकूड सहा जणांनी उचलून बोल्टवर सोडलं, आणि लाकडी हातोड्याच्या दोन ठोक्यांत ते खाली बसलं. मग दुसरं, मग तिसरं. खांब, तुळया, सगळं आपापल्या खाचेत. कुठेही करवत लावावी लागली नाही. प्रमुख एकेका जोडापाशी जाऊन हात फिरवत होते आणि दर वेळी तोर्योकडे बघून मान लववत होते. संध्याकाळपर्यंत आढं चढलं. रिवाजाप्रमाणे तोर्योने वरून कुटलेल्या भाताचे गोळे फेकले, आणि शहात्तर वर्षांच्या त्या माणसाला खालून सगळी वाडी नावाने हाका मारत होती.

तो उतरला तो थेट माझ्याशेजारी येऊन लाकडांच्या ढिगावर बसला. बाई पलीकडे होत्याच. मग हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी आत आलो आणि तू म्हणालीस, चूक झाली. तेव्हा मला वाटलं, माझीच झाली. लाकडं आखूड निघाली. मी माफी मागायला तोंड उघडलं होतं."

त्याच्यापासून ते लपवणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "मी पहिलं लाकूड मोजलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं."

हे त्याला नीट कळावं म्हणून बाईंना पुन्हा सांगावं लागलं. त्याने ऐकून घेतलं. टॉवेल काढून डोळे पुसले, दोन्ही, एकेक करून.

"म्हणजे त्या दुपारी," तो म्हणाला, "माझ्या बाजूने कोणीच नव्हतं. मीसुद्धा नाही."

आणि तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. मला हसू येईना. मी त्याचा खरखरीत हात दोन्ही हातांत धरून रडले, आणि त्यानेही तो सोडवून घेतला नाही.